सातवीला हिस्टरी ॲडव्हान्स्ड घ्यावी की रेग्युलर? (टेक्सस, मिडल स्कूल)

निळाई

नमस्कार मंडळी. मुलगा सध्या सहावीत आहे, पुढच्या वर्षीच्या कोर्स सिलेक्शनचा फॉर्म आलाय आणि शुक्रवारपर्यंत भरून द्यायचाय. मॅथ आधीपासूनच ॲडव्हान्स्ड आहे, सायन्सचं त्याने स्वतःच ठरवलं, अडलंय ते फक्त हिस्टरीपाशी. इथे सातवीला टेक्सस हिस्टरी असते, ती रेग्युलर घ्यायची की ॲडव्हान्स्ड? शाळेच्या माहितीपत्रकात एवढंच आहे की ॲडव्हान्स्डमध्ये जास्त खोलात जातात आणि वेग जास्त असतो, आता खोलात म्हणजे किती आणि कशात ते कुठेच लिहिलेलं नाही.

मुलगा कसा आहे ते सांगते म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. लढाया, किल्ले, कोण कुणाला फितूर झालं, या विषयावर त्याला बोलायला लावा, जेवण गार होईपर्यंत बोलत बसेल. पण वाचनाचा स्पीड कमी आहे आणि लिहायचं म्हटलं की जिवावर येतं, दोन परिच्छेद लिहायचे तर रविवारची अख्खी दुपार जाते आणि शेवटी आम्ही दोघंही वैतागलेलो असतो. शिवाय बँड आहे, त्याची रोजची प्रॅक्टिस आहे, आणि ते त्याला मनापासून आवडतं म्हणून त्याला हात लावायचा नाहीये.

नवऱ्याचं म्हणणं सरळ आहे, सगळं ॲडव्हान्स्ड घेऊन टाक, एकदा रेग्युलरच्या वाटेला लागला की हायस्कूलला एपी (कॉलेजच्या पातळीचे कोर्स) मिळणार नाही. आमच्या ओळखीतल्या बहुतेक सगळ्यांनी ॲडव्हान्स्डच टिक केलंय. मला यात खरं किती आणि ऐकीव किती ते कळत नाहीये कारण आपण शिकलो तो इतिहास म्हणजे कारणे द्या, टिपा लिहा, सनावळ्या तोंडपाठ करा. इथे ॲडव्हान्स्ड म्हणजे जास्त सनावळ्या असं असतं का? मिडल स्कूलचे मार्क पुढे कुठे धरतात का? आणि नाही झेपलं तर मधेच बदलता येतं का? ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी प्लीज सांगा.

---

खडूफळा

निळाई ताई, मी टेक्ससमधेच मिडल स्कूलला सोशल स्टडीज शिकवते, दोन्ही प्रकारचे वर्ग घेतलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, जास्त सनावळ्या अजिबात नाहीत. राज्याने ठरवून दिलेला अभ्यासक्रम दोन्ही वर्गांना तोच असतो, सातवीला टेक्ससचा इतिहास आणि आठवीला अमेरिकेचा १८७७ पर्यंतचा. आठवीच्या शेवटी सोशल स्टडीजची स्टार (STAAR) ही राज्याची परीक्षा असते तीही दोघांना एकच. फरक आहे तो मुलाच्या हातात काय देतात आणि त्याच्याकडून काय मागतात यात.

अलामोचंच उदाहरण घ्या, म्हणजे सॅन अँटोनियोतलं ते तटबंदीचं ठाणं जिथे टेक्ससवाले मेक्सिकोच्या सैन्याशी लढले, सातवीत ते सगळ्यांनाच आहे. २३ फेब्रुवारी १८३६ ला वेढा पडला, ६ मार्चला पहाटे अलामो पडलं, हे रेग्युलरमध्ये पण येतं. रेग्युलर वर्गात मी अलामोचा कमांडर ट्रॅव्हिस याचं २४ फेब्रुवारीचं पत्र देते, तेच ते, "विजय किंवा मृत्यू" असं लिहून संपवलेलं. त्यातले अवघड शब्द बाजूला समजावून दिलेले असतात, मग प्रश्न असे की तो कुणाला उद्देशून लिहितोय, काय मागतोय, त्याची परिस्थिती काय आहे. मुलं छान करतात, आणि खरंच सांगते, हे पत्र बाराव्या वर्षी नीट वाचणं म्हणजे काही कमी नाही.

ॲडव्हान्स्डमध्ये त्याच पत्राच्या जोडीला आणखी कागद येतात. अलामोत लढलेला प्रसिद्ध अमेरिकन डेव्ही क्रॉकेट नक्की कसा मेला हा प्रश्न असतो. दे ला पेन्या नावाचा, मेक्सिकोचा सेनापती सांता आना याच्या सैन्यातला एक अधिकारी लिहून गेलाय की क्रॉकेट लढाईनंतर पकडला गेला आणि मग त्याला मारलं. पण हे लिखाण स्पॅनिशमध्ये छापून आलं १९५५ साली आणि ते अस्सल आहे की नाही यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. दुसरीकडे सुझॅना डिकिन्सन, जी त्या दिवशी आत होती आणि वाचली, तिचं सांगणं की बाहेर पडताना तिने क्रॉकेटचं प्रेत चर्च आणि बराकीच्या मधे पाहिलं, पण तिच्या आठवणी छापल्या गेल्या कितीतरी वर्षांनी. आता मुलाने ठरवायचं की कुणावर किती विश्वास ठेवायचा, का ठेवायचा, आणि ते एका पानात पुराव्यासकट मांडायचं. बरोबर उत्तर असं नसतंच, मांडणी कशी आहे त्याला मार्क.

तसंच टेक्सस मेक्सिकोपासून का फुटलं. रेग्युलरमध्ये कारणं सांगा इथपर्यंत पुरतं, ६ एप्रिल १८३० चा कायदा ज्याने अमेरिकेतून येणाऱ्या वसाहतवाल्यांना बंदी केली, सांता आनाने सगळी सत्ता केंद्राकडे ओढली, गुलामगिरीवरून चाललेली ओढाताण. ॲडव्हान्स्डमध्ये विचारतात की यातलं कुठलं कारण सगळ्यात वजनदार, आणि जो म्हणेल गुलामगिरी नव्हे त्याला त्याविरुद्धच्या पुराव्याला उत्तर द्यावं लागतं. मेक्सिकोने १८२९ ला गुलामगिरी बंद केल्याचा हुकूम काढला होता, मग टेक्ससला सूट दिली, हे सगळं विचारात घेऊन.

तर तुमच्या मुलाचं वर्णन वाचून मला वाटतं की डोकं ॲडव्हान्स्डचं आहे आणि हात अजून तयार व्हायचाय. अशी मुलं मी दोन्ही वर्गात पाहिलीत. निर्णय घ्यायच्या आधी एक करा, शाळेला सरळ मेल करून सांगा की मागच्या वर्षीचा सातवीचा एक लेखी असाइनमेंट दाखवा, ॲडव्हान्स्डचाही आणि रेग्युलरचाही. माहितीपत्रकापेक्षा तो एक कागद तुम्हाला जास्त सांगेल. आणि तो कागद मुलाच्या समोर ठेवा, तो काय म्हणतो बघा.

---

पाणकोंबडा

आम्ही फ्लोरिडात आहोत, इथे नावंच तशी आहेत, साधा कोर्स आणि त्याच कोर्सच्या नावापुढे ॲडव्हान्स्ड लावलेला दुसरा. सातवीला सिविक्स (नागरिकशास्त्र) असतं आणि वर्षाच्या शेवटी राज्याची परीक्षा असते जी कोर्सच्या ग्रेडमध्ये ३० टक्के धरतात, ती दोन्ही वर्गांना एकच. म्हणजे खडूफळा ताई म्हणाल्या तेच.

पण मी दुसरी बाजू मांडतो कारण सगळीकडे त्यांच्यासारखे शिक्षक नसतात. मोठीने सातवीत ॲडव्हान्स्ड घेतलं होतं आणि त्या वर्षी ॲडव्हान्स्ड म्हणजे काय तर रेग्युलरच्या मुलांना एक वर्कशीट तर यांना दोन. धडा वाचा, व्याख्या लिहून काढा, रिकाम्या जागा भरा, फक्त दुप्पट. वादावादी नाही, कागदपत्रं नाहीत, काही नाही. पोरीला विषयाचा कंटाळा आला. पुढच्या वर्षी आठवीला तीच ॲडव्हान्स्डची पाटी पण शिक्षक वेगळे, त्यांनी काँस्टिट्यूशनल कन्व्हेन्शन (अमेरिकेची राज्यघटना जिथे ठरली ती सभा) वर्गात उभं केलं, हिला न्यू जर्सी दिलं, आणि लहान राज्यांना सिनेटमध्ये समान जागा का पाहिजेत यावर ही घरी येऊन माझ्याशी भांडायला लागली. त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका, शिकवणार कोण ते विचारा. शाळा शिक्षकाचं नाव आधी सांगत नाहीत बऱ्याचदा, पण मोठ्या वर्गातल्या मुलांना विचारलं की सगळं कळतं.

आणखी एक जे लोक उघडपणे बोलत नाहीत. बरेच पालक ॲडव्हान्स्ड घेतात ते अभ्यासक्रमासाठी नाही, तर वर्गात कोण असेल त्यासाठी. गोंगाट कमी, शिक्षकांचा वेळ शिस्तीत जात नाही. काही शाळांत हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण काही ठिकाणी रेग्युलर वर्ग उत्तम चालतात, आणि काही शाळांनी तर वेगळे वर्गच ठेवलेले नाहीत, एकाच वर्गात ज्याला हवं त्याने जादा काम करून ॲडव्हान्स्डचा शेरा मिळवायचा. तुमच्या शाळेत कसं आहे ते बघून ठरवा, ओळखीतल्या सगळ्यांनी टिक केलंय हे कारण नाही होऊ शकत.

---

सुपारीचंखांड

निळाई, माझा मुलगा आता अकरावीत आहे त्यामुळे पुढचं काय होतं ते सांगू शकते, विशेषतः तुमच्या मिस्टरांसाठी.

मिडल स्कूलच्या हिस्टरीची ग्रेड कॉलेजला जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) येत नाही. मॅथची गोष्ट वेगळी, आठवीत अल्जिब्रा वन घेतलं तर ते हायस्कूलचं क्रेडिट म्हणून बऱ्याच ठिकाणी धरतात आणि ती साखळी पण खरी आहे, एक पायरी चुकली की पुढची अडते. हिस्टरीत तशी साखळी नाहीये. एपी वर्ल्ड घ्यायला सातवीचा टेक्सस इतिहास ॲडव्हान्स्ड पाहिजे असं काही नसतं, तो कोर्सच साधारण सन १२०० पासून सुरू होतो आणि त्यात अलामोचं नावही येत नाही. बऱ्याच शाळांत एपीला कुणालाही बसता येतं, काही शाळा आधीच्या शिक्षकांची शिफारस मागतात, तेवढं तुमच्या हायस्कूलच्या काउन्सेलरला विचारून घ्या, एका मेलचं काम आहे.

आमच्याने मिडल स्कूलची तिन्ही वर्षं रेग्युलर हिस्टरी केली, नववीत एपी ह्यूमन जिऑग्रफी घेतलं, दहावीत एपी वर्ल्ड, आता एपी यूएस हिस्टरी चालू आहे. दार वगैरे काही बंद झालं नाही.

पण एक आहे आणि ते महत्त्वाचं आहे. एपी यूएस हिस्टरीची परीक्षा बघा, सव्वातीन तास, ५५ ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, मग तीन छोटी उत्तरं, मग सात कागदपत्रं देऊन त्यावर निबंध आणि त्यानंतर अजून एक मोठा निबंध. सातही कागद वाचून, त्यातून बाजू ठरवून, लिहून काढायला एक तास. म्हणजे लिहिण्यावाचून सुटका नाहीच. आमच्याला नववीत जे जड गेलं ते हेच, विषय नव्हे, पटापट लिहिणं. वर्षभर दर आठवड्याला एक पान असं करत करत हात बसला. तर तुमच्यापुढचा खरा प्रश्न रेग्युलर की ॲडव्हान्स्ड यापेक्षा त्याला लिहायची सवय कुठे आणि कुणाच्या हाताखाली लागेल हा आहे असं मला वाटतं. ॲडव्हान्स्डचे शिक्षक लिखाण तपासून, त्यावर चार ओळी लिहून परत देतात का? देत असतील तर घ्या. नुसता ग्रेड टाकून देत असतील तर त्याला घरी लिहायला बसवून तुम्हीच शिकवणार, आणि मग रविवारची दुपार आणखी लांबणार.

---

निळाई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. सुपारीचंखांड, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली, मॅथसारखी साखळी नाही हे त्याला पटलंय.

खडूफळा ताई, तुम्ही सांगितलं तसं शाळेला मेल केला आणि त्यांनी खरंच दोन्ही नमुने पाठवले, मला वाटलं नव्हतं पाठवतील. रेग्युलरचा म्हणजे एक उतारा आणि खाली सहा प्रश्न, दोन-दोन ओळींची उत्तरं. ॲडव्हान्स्डच्यात १९०१ साली टेक्ससमधल्या स्पिंडलटॉपला तेल लागलं त्याबद्दल तीन कागद आहेत, एक फोटो, एक पेपरची बातमी आणि एका कामगाराच्या आठवणी, आणि प्रश्न असा की तेलामुळे तिथल्या लोकांचं भलं झालं का, कुणाचं झालं आणि कुणाचं नाही. मुलाने फोटो बघितला आणि विचारलं एवढे डेरिक्स (तेलविहिरीवरचे मनोरे) एकमेकांना चिकटून का उभे केलेत, आग लागली तर काय. मग कामगाराच्या आठवणी वाचायला घेतल्या, वेळ लागला पण पूर्ण वाचल्या. लिहायचं म्हटल्यावर मात्र तोंड पाडलं.

आता शंका वाचनाच्या स्पीडची आहे. एवढं हळू वाचणारं मूल वर्गात मागे पडेल का? सोमवारी दिलं आणि मंगळवारी चर्चा असं असेल तर?

---

खडूफळा

मला तर त्याने डेरिक्सबद्दल विचारलं हे वाचून फार आनंद झाला. फोटोतून असा प्रश्न निघावा म्हणून आम्ही वर्गात किती धडपडतो! स्पिंडलटॉपला आगी लागल्याच होत्या, त्याला सांगा की त्याने बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय, आणि मग एवढं असूनही लोकांनी विहिरी चिकटून का खणल्या हे त्याला शोधू द्या, जमिनीचे तुकडे आणि खालचं तेल कुणाचं यात त्याचं उत्तर आहे.

हळू वाचण्याचं म्हणाल तर इतिहासाचे कागद लांब नसतात, बहुतेकदा अर्धं पान, पण ते दोनदा-तीनदा वाचावे लागतात. कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, कुणासाठी, हे आधी बघायचं आणि मग मजकूर. भरभर वाचणारी मुलं नेमकं हेच सोडून देतात आणि सरळ मजकुरात घुसतात. त्यामुळे नुसता स्पीड कमी आहे पण वाचलेलं कळतंय, तर मी चिंता करणार नाही. वाचूनही कळत नसेल, ओळी सुटत असतील, एकाच शब्दावर अडकत असेल तर मात्र शाळेकडून तपासून घ्या, हिस्टरीसाठी नाही, एकूणातच. आणि त्यातून ५०४ प्लॅन (अडचण असलेल्या मुलांसाठी शाळेने लेखी ठरवलेल्या सोयी) वगैरे निघाला तर जादा वेळेची सोय ॲडव्हान्स्ड वर्गात पण मिळते, कुणी म्हणालं की सवलत हवी असेल तर रेग्युलरला जा तर ते ऐकून घेऊ नका, तसं सांगणं नियमात बसत नाही.

लिहिण्यासाठी एक करून बघा, त्याला आधी बोलू द्या. तो तोंडी भरभरून सांगतो ना, ते फोनवर रेकॉर्ड करा आणि मग त्याचंच बोलणं ऐकत त्याला मुद्दे लिहायला लावा. तुम्ही लिहून द्यायचं नाही. बऱ्याच मुलांचं अडतं ते काय लिहू यावर नाही, सुरुवात कुठून करू यावर.

---

भुईकमळ

उशिरा लिहितेय, पण एक पर्याय कुणी सांगितला नाही म्हणून. नॅशनल हिस्टरी डे म्हणून स्पर्धा आहे, १९७४ ला क्लीव्हलंडला सुरू झाली, आता देशभर चालते, सहावी ते आठवीचा ज्युनिअर गट वेगळा असतो. दरवर्षी एक विषयसूत्र देतात, त्यात बसेल असा आपला विषय निवडायचा आणि महिनोन् महिने त्याचा पाठपुरावा करायचा. निबंधच लिहायला पाहिजे असं नाही, एक्झिबिट, डॉक्युमेंटरी, नाटुकलं, वेबसाइट यातलं काहीही करता येतं. डॉक्युमेंटरी दहा मिनिटांची, एक्झिबिटवर स्वतःचे शब्द ५०० पर्यंतच. तुमच्या मुलासारख्याला हे अगदी योग्य आहे कारण शोधाशोध भरपूर आणि लिखाण मोजकं पण विचार करून केलेलं. संदर्भांची यादी मात्र नीट करावी लागते, प्रत्येक साधन काय कामाला आलं ते एकदोन वाक्यांत लिहून, तिथे आईबाबांचा थोडा धीर लागतो.

आमच्या भाचीने रेग्युलर वर्गात राहून हे केलं, तिची शाळा भाग घेत होती म्हणून जमलं. जिल्ह्याच्या पुढे गेली नाही पण एका म्हाताऱ्या रेल्वे कामगाराची मुलाखत घ्यायला ती स्वतः फोन करून गेली, बारा वर्षांची पोर, आणि तिथून आल्यावर जे बोलत होती ते ऐकण्यासारखं होतं. तुमच्या शाळेत आहे का विचारा, आणि ॲडव्हान्स्डच्या वर्गाला ते सक्तीचं असतं का तेही विचारा, काही शाळांत असतं.

---

पाणकोंबडा

भुईकमळ, हे मस्त सांगितलंत, धाकट्यासाठी मी पण बघतो.

निळाई, तुमची बदलण्याची शंका राहिली बघा. मधेच बदलता येतं पण त्याला तारीख असते, बहुतेक ठिकाणी पहिल्या काही आठवड्यांत किंवा पहिलं रिपोर्ट कार्ड आल्यावर. आणि ॲडव्हान्स्डमधून रेग्युलरला जाणं सोपं, उलटं अवघड, कारण वर्ग भरलेले असतात. अजून एक बघा, हिस्टरीचा पिरियड बदलला की कधीकधी अख्खं टाइमटेबल हलतं आणि बँडचा पिरियड त्यात सापडतो.

---

निळाई

बँडचं डोक्यातच आलं नव्हतं, बरं झालं सांगितलंत.

काल रात्री आम्ही तिघं बसलो. मुलाला दोन्ही नमुने परत दाखवले आणि विचारलं, त्याचं उत्तर असं की मला तो तेलवाला वर्ग हवाय, पण लिहायला तू मदत करशील ना. मी म्हटलं बोलायला मदत करेन, लिहायचं तुझं तू. त्याने जरा विचार केला आणि हो म्हणाला. तर ॲडव्हान्स्ड टिक केलंय. काउन्सेलरला मेल टाकलाय, तीन गोष्टी विचारल्यात, बदलायची शेवटची तारीख कुठली, बदललं तर बँडचा पिरियड तोच राहील का, आणि सातवीचे शिक्षक लिखाणावर शेरे लिहून परत देतात का. हिस्टरी डेचंही त्यातच विचारलंय.

उत्तर आलं की इथे लिहिते. खडूफळा ताई, तुम्ही म्हणालात तसं चिकटून खणलेल्या विहिरींचा प्रश्न त्याला दिलाय, आल्यापासून तेच शोधत बसलाय, अजून माझ्याकडे उत्तर मागायला आलेला नाही.

---

खडूफळा

त्याला उत्तर सापडलं की काय सापडलं ते इथे नक्की टाका. आणि काउन्सेलरकडून तारीख लेखी घ्या, फोनवर सांगितलेली धरू नका.